खोली भाड्याने देणे आहे

टीव्हीवर चर्चा लागली की माझं डोकं फिरायचं. हे म्हणणार त्यांनी समाज फोडला, ते म्हणणार यांनी फोडला. मी स्वयंपाकघरातूनच दोन्हीकडच्यांचा उद्धार करायचे. ढोंगी मेले! खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे. नवरा म्हणायचा, आता तूच उभी राहा. गेल्या जूनपर्यंत हे असं चालायचं.

ढोंग म्हणजे काय ते मी घरातच पाहिलं होतं. वडील गावात एका पक्षाचं काम करायचे. भूकंपात आमचं दगडमातीचं माळवदी घर बसलं, तेव्हा मला ढिगाऱ्यातून ओढून काढलं ते दुसऱ्या पक्षाच्या माणसानं. बौद्ध वस्तीतले, वडिलांहून बरेच लहान. मी त्यांना काका म्हणायचे. दगड उपसता उपसता त्यांच्या उजव्या हाताची दोन नखं निघाली, ती पुढं वाकडीच आली. मग वर्षभर आम्ही शेजारी शेजारी शेडमध्ये राहिलो, मधे एकच पत्रा. काकू भाकरी थापायच्या, आई कालवण करायची, आणि कोण कुणाच्या ताटात जेवतंय हे कुणी बघत नव्हतं. मला वाटलं, आता हे असंच राहणार. विशीतली होते, लई खुळी होते.

नव्या गावाचे प्लॉट वाटायची वेळ आली. काका म्हणाले, चिठ्ठ्या टाका, ज्याचा जिथं निघंल तिथं तो राहील. वडील म्हणाले, जुन्या गल्ल्या होत्या तशाच ठेवा, सगळ्यांच्या सोयीचं. तोंडावर ग्रामपंचायतीची निवडणूक. वडिलांची भाषणं मी लिहून द्यायचे, कॉलेजात जात होते ना. त्यातलं एक वाक्य माझं स्वतःचं होतं: भूकंपानं भिंती पाडल्या, हे माणसं फोडायला निघालेत. लई टाळ्या पडल्या. काका पुढंच बसले होते. ते उठून गेले.

बौद्ध वस्ती नव्या गावातही टोकालाच गेली, फक्त रस्ते सरळ झाले. वडिलांवर मी पुढं कितीतरी वर्षं चिडून होते. त्या वाक्याचा विषय मात्र कधी काढला नाही.

लग्न करून लातूरला आले, शाळेत नोकरी लागली. क्लासेसचं पेव फुटलं तसा आम्हीही वरचा मजला चढवला, मुलींसाठी सहा खोल्या. फाटकावर पाटी लावली. मी कुणाची जात विचारत नाही, असं मोठ्या तोऱ्यात सांगायचे. गाव विचारायचं आणि आडनाव विचारायचं. मग विचारायचं राहिलं काय? आडनाव पटलं नाही की म्हणायचं, अगं, कालच गेली खोली. कुणाचं मन दुखत नाही, वाद नाही. शेजारणीनं नव्या खोल्या काढल्या तेव्हा तिलाही मी हेच शिकवलं.

गेल्या जूनमध्ये भर दुपारी एक मुलगी जिना चढून आली. लोह्याकडची, दहावीला चांगले मार्क, डॉक्टर व्हायचंय म्हणाली. आडनाव सांगितलं. मी म्हटलं, कालच गेली खोली. ती 'बरं काकू' म्हणून उतरली. पाणीसुद्धा विचारलं नाही मी तिला.

गॅलरीतून सहज खाली पाहिलं. फाटकाशी पेटी घेऊन एक म्हातारा माणूस उभा होता. पेटीच्या कडीवर दोन वाकडी नखं. लेकीची लेक होती ती, म्हणून गाव वेगळं, आडनाव वेगळं. मी अनवाणीच खाली धावले. काका, वर चला, एक खोली आहे, मला कळलंच नाही, असं काहीबाही बोलत सुटले. पाय भाजत होते. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खोली गेली असंल तर पाटी काढून ठेव माय. पोरी उन्हात फिरायल्यात."

आजोबा आणि नात पेटी दोन्हीकडून धरून पुढं गेले. शेजारचं फाटक वाजलं. शेजारणीनं गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, अगं, कालच गेली खोली.

तेही वाक्य माझंच होतं.