सरूबाईवर घेतलेला आळ

मंडळी, आज सकाळी पाण्याच्या रांगेत मी जे बोललो ते खोटे होते. म्हणून दुष्काळी कामावरच्या या स्वयंपाकाच्या छपरातल्या फळ्यावर लिहितो आहे.

पिंपाच्या नळाला करंगळीएवढीही धार येईना. "अण्णा, नळाला बी दुष्काळ लागला व्हय?" म्हणत बाया हसल्या. पिंप भरणे माझ्याकडे, म्हणून मी घाबरलो आणि पुढे उभ्या सरूबाईवर ओरडलो, "तूच पहाटं चोरून पानी नेतीस!" ती रिकामी घागर घेऊन उन्हात खडी फोडायला गेली.

मग झाकण काढले. पिंप तर भरलेले! आत हात घातला, तेव्हा नळाच्या तोंडाशी चिखलाने गच्च झालेली चिंधी लागली. गाळ येऊ नये म्हणून आठवड्यापूर्वी मीच धोतर फाडून ती बांधली होती आणि विसरलो होतो. सोडताच जोरात धार लागली.

तांब्या भरून सरूबाईकडे गेलो, चुकलो म्हणालो. तिने हातोडा थांबवला नाही. "हितं कानात कशाला सांगता? रांगंत बोल्लात, रांगंतच सांगा."

तांब्या तसाच परत आणला. उद्या रांगेत सांगेन. पण ती येईल का हो?