जोडीचे वाडगे

अमेरिकेतल्या मराठी घरांत आलेल्या भेटींचं एक कपाट असतंच. मेणबत्त्या, फोटोफ्रेम, कपांचे सेट. एकाने दिलेलं दुसऱ्याला द्यायचं. फक्त कुणी दिलं त्याची चिठ्ठी खोक्यावर चिकटवायची, म्हणजे घोटाळा होत नाही. आमच्या हर्नडनच्या घरात हे कपाट जिन्याखाली आहे. ऑफिसमधल्या एका जपानी बाईंनी निवृत्त होताना मला दिलेला खोका मी तिथेच सरकवला होता. आत चिनीमातीचे दोन वाडगे होते, निळा मोठा, लाल लहान. त्यांच्याकडे जोडप्याला भातासाठी असे देतात, मोठा नवऱ्याचा आणि लहान बायकोचा, असं त्यांनी कौतुकाने समजावलं होतं. माझा नवरा दोन वर्षं टेक्ससमध्ये, अर्विंगला नोकरीला. महिन्यातून एकदा येतो. मी जोडीने भात कुणाबरोबर खाणार होते?

म्हणून पलीकडच्या घरातल्या नागपूरच्या मैत्रिणीच्या लग्नाचा वाढदिवस आला तेव्हा चिठ्ठी काढून खोका तिला देऊन टाकला. ब्याद गेली.

दोन आठवड्यांनी तिने मला जेवायला बोलावलं. टेबलावर ते वाडगे होते, पण मोठा निळा तिच्यापुढे आणि लाल नवऱ्यापुढे.

"भात मला जास्त लागतो ना, म्हणून मोठा माझा," ती म्हणाली. "हा तर चिमणीएवढा खातो."

नवऱ्याने हसत तिच्या भातावर लिंबू पिळलं. किती पिळायचं ते त्याने विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. मी माझ्या ताटातलं वरण ढवळत बसले. खरं सांगते, मी जळले. त्यांचं घर आमच्यापेक्षा मोठं आहे, ग्रीन कार्डही आधी आलं, त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. पण त्या लिंबाने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझेच वाडगे होते ते!

दुसऱ्याच दिवशी मी फोन करून चक्क थाप मारली. "अगं, तो सेट मला ऑफिसमधल्या बाईंनी दिला होता. त्या डिनरला येतायत. दिसला नाही तर फार ऑकवर्ड होईल."

"मग घेऊन टाक ना, यार! त्यात काय?" ती हसून म्हणाली.

संध्याकाळी ती स्वतःच वाडगे घेऊन आली. भांडं रिकामं परत करायचं नाही, म्हणून दोन्हींत साजूक तुपातला शिरा भरला होता. "तो येतोय ना या वीकेंडला? दोघांना होईल." मला लाज वाटली. शिरा फार छान झाला होता, त्याचाही राग आला.

शनिवारी नवरा आला. दर वेळी आम्ही बाहेरच जेवतो, पण या वेळी मी रेस्टॉरंटचं बुकिंग कॅन्सल केलं. आंबेमोहोर शिजवला, वर साधं वरण, तूप. निळा वाडगा त्याच्यापुढे ठेवला आणि लिंबाची फोड हातात घेतली. किती पिळायचं ते मला आठवेना.

त्याने वाडग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अगं, रात्रीचा भात सोडलाय मी. सहा-सात महिने झाले."

"बोलला नाहीस?"

"विषयच नाही निघाला."

रोज फोनवर आम्ही अर्धा तास बोलतो. विमानाची तिकिटं, व्हिसाचे कागद, गाडीचा इन्शुरन्स. पलीकडच्या घरात आत्ता कोण किती भात घेतंय ते मी न बघता सांगू शकले असते.

माझा चेहरा पाहून तो वरमला. चमचा उचलत म्हणाला, "दे, आजच्या दिवस खातो. तू एवढं केलंयस."

मी वाडगा माझ्याकडे ओढून घेतला. मला उपकाराने खाल्लेला भात नको होता.