दोन्ही बाजूंनी संयम राखा

थप्पड बसली तेव्हा आबांच्या हातात गेटची किल्ली होती. ती खाली पडली. आबांनी आधी किल्ली उचलली, मग गालाला हात लावला.

आबा म्हणजे माझे वडील. मळवलीच्या एका बंगल्यावर ते केअरटेकर आहेत. मागच्या खोलीत आम्ही राहतो. बंगल्याचे साहेब परराष्ट्र खात्यातून निवृत्त झालेले. त्या दिवशी त्यांच्या मित्राचा मुलगा जीप घेऊन आला होता. त्याला मागच्या गेटातून गाडी थेट ओढ्यापर्यंत न्यायची होती. मध्ये आमचं भाताचं खाचर. आदल्या दिवशीच लावणी झालेली.

आबा गेटसमोर उभे राहिले. "दादा, कालच आवण लावलंय. बांधावरनं चालत जावा की."

"तू मला शिकवणार?" एवढंच तो बोलला. आणि मारलं.

साहेब आले की आम्ही बायकामुलांनी पुढे यायचं नाही, ही रीत. दारातल्या चपलासुद्धा आत घ्यायच्या. मी अर्ध्या दाराआडून पाहत होते. शेजारच्या बंगल्यांचे केअरटेकर कंपाउंडपाशी जमले होते. सगळे आमच्याच गावचे. कुणी हललं नाही. त्यातले एक जण नंतर म्हणाले, "पाव्हणा मालकाचा. आमी मधी पडून काय करणार?"

साहेब व्हरांड्यात आले. ते आवाज कधी चढवत नाहीत. म्हणाले, "दोन्ही बाजूंनी संयम राखा." दोघांना हात मिळवायला लावलं. मग आबांना म्हणाले, "आता सगळ्यांना छान चहा कर."

"चुकलं साहेब," आबा म्हणाले. चहा केला. त्या मुलाला कप दोन्ही हातांनी दिला. चहा पिऊन झाल्यावर जीप खाचरातूनच गेली.

मला राग यायला हवा होता. लाज वाटली. मारणाऱ्याची नाही, आबांची. हे लिहितानाही हात थांबतो.

आता मी लोणावळ्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. यंदा आमच्या विभागाने एक व्याख्यान ठेवलं. विषय होता, सामूहिक हत्याकांडं रोखण्यासाठी आणि नागरिकांच्या संरक्षणासाठी आपल्या देशाचा राजनैतिक पाठिंबा. वक्ते आमचे साहेब. मॅडमनी आभारप्रदर्शन माझ्याकडे दिलं. "तुझ्या ओळखीचे आहेत ना? मग तूच बोल."

घरी सांगितलं तर आबा म्हणाले, "नीट बोल पोरी. खोली त्यांचीच हाय."

साहेब चांगलं बोलले. ते नाकारणार नाही. आपल्या लोकांना जपण्याची पहिली जबाबदारी प्रत्येक सरकारची, त्याला ते जमत नसेल तर जगाने मदत करायची, आणि आपल्या देशाला हे तत्त्व मान्य आहे, असं त्यांनी समजावून सांगितलं. आपले जवान संयुक्त राष्ट्रांचं निळं हेल्मेट घालून परक्या मुलखात निर्वासितांच्या छावण्यांभोवती पहारा देतात, हे ऐकताना माझा ऊर भरून आला.

एका मुलाने विचारलं, "सर, मग संयुक्त राष्ट्रांत मतदानाच्या वेळी आपण कधी कधी तटस्थ का राहतो?"

साहेब हसले. "सगळ्यांशी बोलण्याची वाट उघडी राहावी म्हणून. अशा वेळी आपण एवढंच म्हणतो, दोन्ही बाजूंनी संयम राखा."

तेच शब्द. तोच आवाज.

मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आता आभार मानणारी ही मुलगी माझ्या केअरटेकरची. आमच्या मागच्या खोलीत वाढली. संरक्षण म्हणजे फक्त सैन्य नव्हे. असा आधार देणं हेही संरक्षणच."

टाळ्या पडल्या. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "चहा पण हीच देणार काय?" काही जण हसले.

मी माइकपाशी गेले. पाठ केलेलं पहिलं वाक्य ओठांवर होतं. ते आलं नाही.

"साहेब, आमच्या गेटपाशी तुम्ही हेच म्हणाला होता. एका बाजूने थप्पड मारली होती. दुसरी बाजू माझे वडील होते. त्यांनी कुणाला मारलं नव्हतं. त्यांनी आणखी कसला संयम राखायचा होता?"

मग मी म्हणाले, "आभार मी मानणार नाही." आणि जागेवर येऊन बसले.

"भावनाप्रधान आहे," साहेब मॅडमना म्हणाले. मॅडमनी घाईघाईने स्वतःच आभार मानले.

घरी पोचले तर आबा पायरीवर बसले होते. साहेबांचा फोन येऊन गेला होता.

"खोली सोडावी लागंल," आबा म्हणाले.

"व्हय."

"सगळ्यांम्होरं सांगितलंस? मला मारलं त्ये?"

"व्हय."

त्यांनी मान खाली घातली. गाल लपवल्यासारखी. त्यांची थप्पड मी भर सभेत मांडली होती, त्यांना न विचारता. ती लाज माझी आहे. ती जाणार नाही.

थोड्या वेळाने ते उठले आणि खोलीतली भांडी पोत्यात भरू लागले. मला म्हणाले नाहीत, बरं केलंस. मीही विचारलं नाही.

एक थप्पड म्हणजे हत्याकांड नव्हे, हे मला कळतं. जिथे गावंच्या गावं मारली जातात, तिथलं दुःख मी आमच्या गेटपाशी आणून बसवणार नाही. पण ते वाक्य एकच होतं. साहेबांनी मांडलेलं तत्त्व मी टाकलेलं नाही. त्यांनी ते व्हरांड्यात सोडून दिलं होतं. मी ते उचललंय.

मी हाच विषय पुढे शिकणार आहे. माझा देश जेव्हा जेव्हा तटस्थ राहील, तेव्हा मी विचारणार, मारणारा कोण आणि मार खाणारा कोण, हे आधी सांगा. कुठे बोलायला मिळालं तर तिथे, नाही मिळालं तर बाहेर उभी राहून. आणि मळवलीत कुठल्याही गेटवर कुणावर हात उठला, तर मी अर्ध्या दाराआड नसेन.