एका टोल्याची डिस्क

शिगेओ त्सुबोता यांनी आयुष्यात कशावरही चटकन विश्वास ठेवला नाही. बायकोवर ठेवला, पण तोही लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी आणि हप्त्याहप्त्याने. त्यांची नोकरीच तशी होती. आमच्या तोयामा भागात औषधांचे कारखाने पुष्कळ, आणि त्यातल्या एका कारखान्यात गोळ्यांच्या पाकिटावर मुदतीची तारीख नीट उमटली आहे की नाही, एवढंच बघायचं काम त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. माणूस जन्मभर मुदती बघत बसला की त्याचं डोकं कामातून जातं. माझ्या खुर्चीत दाढीला बसले की ते आधी फेसाचा डबा उलटा करून बघायचे.

मी न्हावी. माझं दुकान नामेरिकावाच्या जुन्या बाजाररस्त्यावर, त्यांच्या घराच्या अगदी समोर. त्यामुळे त्यांच्या संसारातलं माझ्या कानावर पडलं नाही असं फारसं काही नाही. त्यातलं बहुतेक सगळं सुमिए-सानच्या तोंडचं. सुमिए-सान म्हणजे शिगेओ-सानची बायको. घराच्या पुढच्या खोलीत तिचं तोफूचं दुकान. तळलेला तोफू तिच्यासारखा दुसऱ्या कोणाला जमत नाही, आणि तिच्यासारखं ओरडायलाही. तिने आतून "अहो" अशी हाक मारली की शिगेओ-सान यायचे ते यायचेच, पण माझ्या खुर्चीत डोळे मिटून पडलेलं गिऱ्हाईकसुद्धा दचकून उठायचं. एकदा एका गिऱ्हाइकाची अर्धी भुवई गेली ती त्या हाकेमुळे. मी मात्र उगीच बदनाम झालो.

निवृत्त झाल्यावर शिगेओ-साननी टीव्हीचा रेकॉर्डर घेतला आणि कार्यक्रम डिस्कवर उतरवून ठेवायचा नाद लावून घेतला. सुमो, मालगाड्यांच्या फिल्मा, जुन्या पुलांच्या दुरुस्तीचे माहितीपट, सगळं अगदी लख्ख चित्रात, कुस्तीगिराच्या पाठीवरचा पुरळसुद्धा मोजता येईल असं. ते परत बघायचे का? छे. बघितल्याने डिस्क झिजते असं त्यांचं मत होतं.

डिस्क निवडणं हा त्यांचा खरा संसार. हमरस्त्यावरच्या विजेच्या सामानाच्या मोठ्या दुकानात ते तासन्‌तास एका मांडणीपुढे उभे राहायचे. मला दोनदा ओढून नेलं, तेव्हा त्यांचं प्रवचन मला तोंडपाठ झालं. दोन थरांची डिस्क नको, एका थरावर भरवसा नाही तिथे दोन कशाला. दांड्यावर रचून विकतात त्या नकोत, एकीची पाठ दुसरीच्या पोटाला घासते. वेगळ्या डबीतली हवी, आपल्याच देशात बनलेली हवी. आणि सगळ्यात मोठा मुद्दा, पुसून पुन्हा वापरता येते ती डिस्क घरात आणायचीच नाही.

"एकदाच लिहायची ती घ्यायची. लिहिलं की लिहिलं. ब्रह्मदेव आला तरी पुसता येणार नाही. शंभर वर्षं टिकते," ते म्हणायचे, फक्त ब्रह्मदेवाच्या जागी त्यांच्या कारखान्याच्या व्यवस्थापकाचं नाव घ्यायचे.

"शंभर वर्षांनी मालगाडी बघणार कोण?" मी विचारलं.

"तो त्यांचा प्रश्न. माझं काम तारखेपर्यंत माल शाबूत ठेवायचा."

अशात रविवारी दुपारी सगळा देश बघतो तो हौशी गायकांचा कार्यक्रम आमच्या गावच्या सभागृहात आला, आणि हजारभर अर्जांतून सुमिए-सानची निवड झाली. या कार्यक्रमात गाणाऱ्याला घंटेने थांबवतात. एक टोला म्हणजे बसा. दोन टोले म्हणजे बरं होतं, पण बसा. घंटांचा धबधबा झाला तर पास. गल्लीत घरोघर फिरणाऱ्या सूचनांच्या पाटीवर शिगेओ-साननी स्वतः लिहिलं की सर्वांनी कृपया रेकॉर्ड करावं. स्वतः मात्र ते सभागृहात आले नाहीत. एकट्या रेकॉर्डरवर सोडून कसं चालेल? ते घरी त्याच्यासमोर मांडी घालून बसले.

मी सभागृहात तिसऱ्या रांगेत होतो. सुमिए-सान निळा किमोनो घालून आली, नंबर सांगितला, गाण्याचं नाव सांगितलं. बंदर, धुकं आणि बोटीने निघून गेलेला पुरुष, असल्या धाटणीचं गाणं. पहिली ओळ तिने अशी लावली की तो पुरुष का निघून गेला ते सगळ्यांना कळलं. दुसऱ्या ओळीत टण्. एकच टोला.

इथवर ठीक होतं. एक टोला पुष्कळांना मिळतो. पण सूत्रसंचालकाने तिला धीर द्यावा म्हणून विचारलं, "घरी कोण बघतंय? काही सांगायचंय का त्यांना?" आणि गोंधळलेली सुमिए-सान कॅमेऱ्याकडे बघून दुकानातल्या आवाजात ओरडली, "अहो, तेलाखालचा गॅस बंद केलात का?"

सगळा देश हसला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी ती तळलेल्या तोफूच्या पुड्या घेऊन गल्लीत दारोदार निघाली. प्रत्येक दारात कमरेतून वाकायची, "काल तुमची मान खाली गेली, माफ करा" म्हणायची, पुडी द्यायची, आणि मग तशीच वाकून उभी राहायची. "तेवढं रेकॉर्डिंग पुसून टाकाल का?" एखादी बाई दारात अशी वाकून उभी असताना "नाही" म्हणणारा माणूस आमच्याकडे अजून जन्माला यायचा आहे. लोकांनी तिच्यासमोर बटण दाबलं. मीही दाबलं. दुसऱ्या एखाद्या गावात चार जणांनी तरी "हो हो" म्हणून ठेवून दिलं असतं. आमच्या गल्लीत एकही लबाड निघाला नाही.

राहिले शिगेओ-सान.

"पुसायचं नाही. चांगल्या डिस्कवर उतरवणार," ते म्हणाले.

"माझी फजिती शंभर वर्षं ठेवायचीय तुम्हाला?"

"एवढं स्पष्ट चित्र आलंय."

"गेलं खड्ड्यात तुमचं चित्र."

हे आठवडाभर चाललं. मग शिगेओ-सान खाली पडलेली एक डबी उचलायला वाकले आणि त्यांची कंबर जी धरली ती सोडेना. अंथरुणावर पडून त्यांनी बायकोला डिस्का आणायला पाठवलं, थर किती, देश कोणता, डबी कशी, सगळं घोकून घेऊन. गाडी माझी होती. दुकानात सुमिए-सान मांडणीपुढे गेली आणि विक्रेत्याला म्हणाली, "हिच्यासारखीच दिसणारी, पण पुसता येणारी द्या."

मी तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "मासुदा-सान, तुम्हाला काही ऐकू आलेलं नाही. पुढचा महिनाभर तोफू फुकट."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

घरी शिगेओ-साननी पडल्यापडल्या तिच्याकडून डिस्क डबीतून काढवली, हातात घेतली, तिरकी धरून तिची पाठ उजेडात बघितली. जरा जास्तच वेळ बघितली. मग म्हणाले, "ठीक. घाल." दोन दिवसांनी सुमिए-सानने डिस्क पुसली, रेकॉर्डरमधलंही उडवलं, आणि हे नवऱ्याला तोंडावर सांगितलं. त्या रात्री त्यांच्याकडे स्क्विड मासा आणला होता, व्हिनेगर घातलेल्या मिसोच्या चटणीबरोबर. शिगेओ-सान म्हणे मुकाट्याने जेवले. मला त्यांची कीव आली, आणि रागही आला. शंभर वर्षांच्या गप्पा मारणारा माणूस बायकोसमोर दोन दिवस टिकला नाही. वर त्याच महिन्यात आमच्या भागातला कुस्तीगीर सुमोची स्पर्धा जिंकला, तर तो शेवटचा दिवसही यांनी उतरवला नाही. कंबरेमुळे राहिलं म्हणाले. मी त्यांना त्यावरून वर्षभर टोचत होतो, आणि ते मूग गिळून ऐकत होते.

तीन वर्षांनी सुमिए-सानच्या गळ्यात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, आवाज गेला. अगदी मुकी नाही झाली. पण उरलं ते नुसतं घोगरं फुसफुसणं, तळणीच्या आवाजात बुडून जाणारं. शिगेओ-साननी कुठून तरी तोफूवाले पूर्वी फेरीला वाजवायचे तसला जुना पितळी भोंगा आणून दिला. एकदा फुंकलं की चहा ठेवा, दोनदा फुंकलं की गल्ल्यावर या. बाजाररस्त्याला तो भोंगा सवयीचा झाला. माझी गिऱ्हाइकं खुर्चीत निवांत झोपू लागली. मला ती शांतता अजिबात आवडली नाही.

मग एक दिवस ती माझ्या दुकानात आली. हातात तोफूची पुडी. कमरेतून वाकली.

"ते रेकॉर्डिंग," ती फुसफुसली. "चुकून राहिलं असेल का कुठे तुमच्याकडे?"

"सुमिए-सान, तुम्हीच उभ्या होतात की समोर. पुसलं मी."

"हो. पण राहतं कधीकधी."

नव्हतं राहिलं. मी टीव्हीवाल्यांना फोनही लावून दिला. ते फार आदराने बोलले आणि खाजगी व्यक्तीला देता येत नाही म्हणाले. ती पुन्हा दारोदार फिरली, तेच दरवाजे, तशीच पुडी. पुन्हा प्रत्येक दारात लोक तिच्यापेक्षा जास्त वाकले आणि म्हणाले, अगदी मनापासून पुसलं हो. एका म्हातारीने तर रडत माफी मागितली. स्वतःच्या घरात विचारायचा प्रश्नच नव्हता. तिथलं तिने स्वतःच्या बोटाने उडवलं होतं.

शनिवारी शिगेओ-सान दाढीला आले. मी फेस लावला. सांगू नये असं ठरवलं होतं, पण माझ्या पोटात काही राहत नाही.

"तुमची बायको दारोदार फिरतेय," मी म्हणालो. "स्वतःचा आवाज शोधत. तो एका टोल्याचा कार्यक्रम. कोणाकडेच नाही. त्या वेळी पुसता येणारी डिस्क मीच गाडीतून आणून दिली होती, हेही आता ऐकून ठेवा."

"पाठीच्या रंगावरूनच कळलं होतं मला," ते डोळे न उघडता म्हणाले. "मी काय आंधळा आहे?"

"मग बोलला का नाहीत?"

"तिला पुसायचं होतं ना. मग पुसू दिलं."

माझा वस्तरा हवेतच राहिला. त्यांनी डोळे उघडले.

"ती फिरतेय? कधीपासून?"

"आठवडा झाला."

ते उठले. अर्ध्या गालाला फेस, गळ्यात माझा टॉवेल, तसेच रस्ता ओलांडून गेले. टॉवेल माझा होता, म्हणून मीही मागोमाग गेलो. हातात वस्तरा होता हे मला पलीकडे गेल्यावर कळलं. समोरून येणारा पोस्टमन सायकलवरून उतरला.

सुमिए-सान तळणीपाशी होती. नवऱ्याचा तो अवतार आणि मागे माझा वस्तरा बघून तिने हातातला झारा उगारला. शिगेओ-सान तिच्याकडे न बघता आतल्या खोलीत गेले, कपाटातली सुमोची रांग काढली आणि त्यातली एक डबी उपसली. वर त्यांच्या छापील अक्षरांत, त्या कार्यक्रमाच्याच महिन्याची तारीख आणि ‘सुमोचा शेवटचा दिवस’. डबीवर नाव आधीच लिहून ठेवायची त्यांची सवय होती. घरात उरलेली ती शेवटची चांगली डिस्क त्यांनी त्या कुस्त्यांसाठी राखली होती. आणि तेव्हा, त्या दोन दिवसांत, बायको पहाटे तोफू करायला पुढच्या खोलीत गेली असताना, धरलेल्या कंबरेने हातापायांवर रांगत रेकॉर्डरपर्यंत जाऊन त्यांनी ती वापरून टाकली होती. कुस्तीगीर जिंकला त्या दिवशी त्यांच्याकडे डिस्क नव्हती, एवढीच गोष्ट.

"फसवलंत," सुमिए-सान फुसफुसली.

"तू आधी फसवलंस. पुसता येणारी आणलीस," ते म्हणाले. त्यांनी डिस्क आत सरकवली. "ही पुसून दाखव आता."

चित्र आलं. निळा किमोनो, लख्ख, शिवणीचा दोरा दिसेल इतका. सुमिए-सान पडद्यापासून हातभर अंतरावर गुडघे टेकून बसली. गाणं सुरू झालं. मी आजही सांगतो, पट्टी चुकलेलीच होती. कितीही चांगल्या डिस्कवर ठेवा, ती सुधारत नाही. दुसऱ्या ओळीत टण् झालं आणि ती हसली. आवाज न करता, खांदे हलवत.

मग पडद्यावरचा तो सूत्रसंचालक म्हणाला, घरी कोण बघतंय, काही सांगायचंय का? आणि तिचा तो आवाज सगळ्या घरात भरला, शस्त्रक्रियेपासून या रस्त्याने न ऐकलेला.

"अहो, तेलाखालचा गॅस बंद केलात का?"

"हो हो, करतो," शिगेओ-सान म्हणाले, आणि अर्ध्या गालाचा फेस तसाच घेऊन तळणीकडे धावले.