डावा ओठ

घोडाताई हे नाव तिला कुणी दिलं ते कुणालाच आठवत नव्हतं. आलं ते बंदुकीच्या घोड्यावरून, पण नवीन गिऱ्हाईक ते ऐकायचं आणि दुकानात शिरताना उगाच मागेपुढे बघायचं. वडिलांचं बंदूक-दुरुस्तीचं दुकान खरं तर भावाकडे जायचं होतं. पण बार उडाला की भावाच्या छातीत धडकी भरायची. तो कापडाच्या धंद्यात गेला, आणि लहानपणापासून वडिलांच्या शेजारी स्टुलावर बसून स्क्रू निवडणारी पोर तिथेच राहिली. आता पन्नाशी उलटली तरी स्टूल तेच होतं. नवरा चित्रकला शिकवायचा. "हिच्याशी वाद घालायचा झाला तर मी दाराजवळची खुर्ची पकडतो," असं तो पाहुण्यांना सांगायचा, आणि पाहुणे जरा जास्तच हसायचे.

तिच्या वडिलांचे एक जुने मित्र होते, जंगल खात्यातून निवृत्त झालेले. ती त्यांना काका म्हणायची. बायको गेल्यापासून ते फारसे बाहेर दिसत नसत. एके दिवशी ते फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूल घेऊन दुकानात आले. पिस्तूल त्यांच्या वडिलांच्या वेळचं, पण निगा राखलेलं.

"अडतंय," ते म्हणाले. "स्लाइड ओढून सोडली की गोळी आत जायला हवी ना? अर्ध्यावर तोंड वर करून बसते."

"मॅगझिन दुसरं आहे का?"

"एकच आहे."

तिने पितळेची खोटी काडतुसं भरून बघितलं. ती आतल्या उतारावरून सरकत नळीत जायला हवीत. पण मॅगझिनची, म्हणजे काडतुसं भरायच्या खोक्याची, स्प्रिंग म्हातारी झाली होती आणि उतारावर जुनं ग्रीस वाळून डिंकासारखं बसलं होतं. तिने ते साफ केलं, स्प्रिंग बदलली. उताराला मात्र कानस लावली नाही. घासून गेलेलं लोखंड परत येत नाही, म्हणून त्याला हात शेवटी लावायचा, हे वडिलांनी तिच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. मागच्या अंगणात वाळूच्या पोत्यांवर तिने खऱ्या गोळ्या झाडून बघितल्या. एकही अडली नाही.

थोड्याच दिवसांत काका पुन्हा दारात उभे.

"तसंच होतंय गं पोरी."

या वेळी दोष वेगळा होता. मॅगझिनच्या वरच्या दोन कडा आत वळवलेल्या असतात, त्या काडतुसाला धरून ठेवतात. वडील त्यांना ओठ म्हणायचे. त्यातला डावा ओठ बाहेर फाकला होता. त्यामुळे काडतूस वेळेआधीच सुटायचं आणि त्याचं नाक नळीच्या वरच्या कडेला आपटायचं. मागच्या खेपेला तिने दोन्ही ओठ स्वतः मोजले होते. तेव्हा ते सरळ होते.

"पडलं होतं का कुठे?"

"कपाटातून बाहेरसुद्धा काढलं नव्हतं. लागलं तेव्हाच काढलं."

कशाला लागलं, ते तिने विचारलं नाही. तिने ओठ पकडीने हळूहळू आत घेतला, व्हर्निअरने मोजला आणि पिस्तूल दिलं. ते तिसऱ्यांदा आलं तेव्हा तिला स्वतःचाच राग आला. मॅगझिनचं लोखंड थकलं असणार असं धरून तिने वडिलांच्या पेटीतून त्याच बनावटीचं दुसरं मॅगझिन काढलं, कधी न वापरलेलं, कागदात जसंच्या तसं गुंडाळलेलं. दोष मॅगझिनबरोबर जातो की पिस्तुलाबरोबर राहतो, ते कळायला याहून सोपा उपाय नाही.

काका चौथ्यांदा आले, तेव्हा दोष त्या नव्या मॅगझिनमध्येही होता. ओठ डावाच, आणि फाकलेलाही तितकाच. तिने भिंग लावून बघितलं. पकडीने वाकवलं तर दातांचा ओरखडा उठतो, आपटलं तर चेप येतो. इथे काहीच नव्हतं. लोखंड असं दिसत होतं, जणू कुणी बोटाने, सावकाश, न दुखवता बाजूला केलंय. तिने भिंग खाली ठेवलं आणि उगाचच हात धुऊन आली.

"काका, हत्यार ठेवता कुठे ते बघितल्याशिवाय मी आता याला हात लावणार नाही," ती म्हणाली.

दुपारी जेवणं उरकल्यावर ती त्यांच्या घरी गेली. लांबट घर, मधून बोळ, बोळाच्या टोकाला एक बंद दार. ती काकूंची खोली. काकांची धाकटी बहीण त्यांच्याकडेच राहायची. सत्तरी गाठलेल्या त्या आत्याबाईंना काका अजून 'बेबी' म्हणायचे. आत्याने चहा टाकायला म्हणून स्वयंपाकघर गाठलं आणि काकांनी कपाट उघडलं. पिस्तूल खालच्या खणात, लोकरीच्या कपड्यांखाली. खण कोरडा होता, त्यावर काही जड ठेवलेलं नव्हतं. कपाटाची किल्ली काकांच्या गळ्यात.

"दुपारी मी आडवा झालो की तुझ्या काकूच्या खोलीत कुणीतरी चालतं," काका हळू आवाजात म्हणाले. "खुर्ची सरकते. कुलूप मी लावलंय, किल्ली खिळ्याला आहे, ती कुणीही घेऊ शकतं. एकदा तर दाराची कडी हलली. मी पिस्तूल रोखलं. स्लाइड ओढली, अडली. परत ओढली, परत अडली. तोवर बोळात कुणी नव्हतं."

"दिवसाढवळ्या चोर येईल काका?"

"घरात दोन म्हातारी माणसं आहेत हे ज्याला ठाऊक आहे, तो येईल."

"आणि असं किती वेळा झालं?"

"तू दुरुस्त करून दिलंस, त्या प्रत्येक वेळी."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. आत्या गॅसपाशी उभ्या होत्या. मागे न वळताच त्या म्हणाल्या, "ती मीच असते."

"काय?"

"त्या खोलीत. दुपारचं ऊन तिथे छान येतं. वहिनीच्या पलंगावर घटकाभर बसते मी. दादाला सांगितलं तर त्याला लागेल, कुलूप त्याने लावलंय ना. म्हणून तो पडला की जाते." मग वळून त्यांनी घोडाताईचा हात धरला. "तुझे फार उपकार आहेत बाई. एकदा दाराच्या फटीतून मी त्याला बघितलं. नळी माझ्यावरच होती. तेव्हा कळलं, तू मुद्दामच ते अडतं ठेवून देतेस."

घोडाताईने हात मागे घेतला.

"आत्या, मी नाही ठेवत. मला वाटलं, तुम्हीच काहीतरी करता."

आत्यांनी हात पुढे केले. संधिवाताने बोटं मुळासकट वळली होती. "मला बरणीचं झाकण उघडत नाही गं."

चहा उतू गेला तो आत्यांनी गडबडीने खाली उतरवला, आणि एकदम थांबून विचारलं, "खुर्ची सरकते म्हणाला का तो?"

"हो."

"मी पलंगावरच बसते. ती खुर्ची शिसवी आहे. मला हलतसुद्धा नाही."

काका दारात उभे होते. कधीपासून, ते दोघींनाही कळलं नव्हतं. आत्यांनी पदराने हात पुसले आणि लहान मुलीसारखं एका दमात सांगून टाकलं, "दादा, मीच वाकवत होते ते. मला भीती वाटायची म्हणून."

काका बहिणीच्या बोटांकडे बघत राहिले. "बेबी, तुला पेन धरता येत नाही," ते म्हणाले. मग भिंतीला धरून सावकाश स्टुलावर बसले. म्हणाले, "म्हणजे प्रत्येक वेळी मी तुझ्यावर..." आत्या त्यांच्या पाठीवर ती वाकडी बोटं फिरवत राहिल्या.

घोडाताई निघाली तेव्हा काकांनी विचारलं, "पोरी, खरं सांग. लोखंड असं आपोआप वाकतं का?"

खोटं सांगून त्यांना बरं वाटलं असतं. तिच्या जिभेवर आलंही होतं, जुना धातू आहे, हवामान आहे, काहीतरी.

"नाही काका," ती म्हणाली.

काकांनी मान हलवली, जणू हेच उत्तर ते धरून बसले होते.

परवान्यासकट पिस्तूल पोलिसांत जमा करायचं ठरलं. काका आणि ती बरोबरच गेले. तोवर ते काकांच्या कपाटातच होतं. फाकलेल्या ओठाला तिने हातही लावला नव्हता. चौकीतल्या हवालदाराने मॅगझिन काढलं, घोडाताईने आणलेली खोटी काडतुसं भरली आणि स्लाइड ओढून सोडली. काडतूस अलगद आत गेलं. पुन्हा ओढली. दुसरंही गेलं. घोडाताईने मॅगझिन मागून घेतलं आणि उजेडात धरलं. डावा ओठ उजव्याइतकाच आत वळलेला होता.

"चांगलं चालतंय की," हवालदार म्हणाला. "देऊन का टाकताय?"

"घरात आता ते कुणाला नको आहे," काका म्हणाले.

पुढे तिचं त्या घरी जाणं-येणं वाढलं. खोलीचं कुलूप निघालं होतं. दुपारी दोघं भावंडं काकूंच्या पलंगावर उन्हात पाय सोडून बसायची, जुन्या गोष्टींवरून भांडायची, आणि काका बहिणीच्या बोटांना तेल चोळून द्यायचे. पहिल्यांदा त्या खोलीत गेली तेव्हा घोडाताई सवयीने खिडकीजवळच्या शिसवी खुर्चीकडे वळली. खुर्ची पलंगाकडे तोंड करून होती, जरा जवळ ओढलेली.

"तिथे नको गं," आत्या सहज म्हणाल्या आणि पलंगावर सरकल्या. "इकडे ये. आहे जागा."

काकांनी तिच्या हातात चहाचा कप दिला. ती दोघांच्या मध्ये, खुर्चीसमोर बसली, आणि चहा संपेपर्यंत तिने नजर कपातच ठेवली.