आईंच्या ग्लासातलं दूध

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे बसते तेव्हासुद्धा दुसरंच काहीबाही बोलून उठते. तुम्ही माझे कोण लागता? कोणीच नाही. म्हणूनच बहुधा तुम्हाला सांगायला बसलेय — आणि आता बसलेय तर सुरुवात कुठून करावी ते कळत नाही.

कोल्ड कॉफीपासून करते. हसू नका. म्हणजे हसलात तरी चालेल, पहिल्या पहिल्यांदा आम्हीही हसायचो.

आमच्या वऱ्हाडातल्या मालेगावहून वाशीमला जाताना रस्त्यालगत आमचं गाव लागतं. शेतात सोयाबीन, गोठ्यात एक म्हैस, मुलगी शिकायला अकोल्याला, आणि घरात आम्ही चौघं — मी, माझा नवरा, सासूबाई आणि धाकटा दीर मंगेश. सासूबाईंना मी आई म्हणते. मंगेशचं मालेगावात मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. लग्नासाठी मुली बघायला लागलो आणि त्याला रक्ताचा कॅन्सर निघाला. नागपूरला नेलं. औषधांनी तोंड असं सोलवटलं होतं की वरणाचं पाणीसुद्धा जाईना. जायची ती फक्त दवाखान्याखालच्या दुकानातली कोल्ड कॉफी. अर्धा ग्लास तो प्यायचा, उरलेली आई प्यायच्या. टाकून कशी द्यायची? अशी त्यांना तिची गोडी लागली.

मंगेश बरा झाला. पुन्हा उलटू शकतं, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. ते नवऱ्यानं ऐकलं, मी ऐकलं, आईंनी ऐकलं नाही. त्या गावातल्या बायांबरोबर बसनं काशीला गेल्या. काशीला गेलं की एखादी वस्तू कायमची सोडून यायची, ही रीत तुम्हाला माहीत असेल. बाया त्यात हुशार असतात. कोणी कारलं सोडतं, कोणी जन्मात एकदा खाल्लेलं फळ. आईंनी दूध सोडलं. ज्या बाईनं पातेल्यातली साय बोटानं निपटून खाल्ल्याशिवाय पातेलं घासायला टाकलं नाही, तिनं दूध सोडलं. ताक चालेल, तूप चालेल, पण दुधाचा थेंब नाही. मंगेश सुखरूप राहावा म्हणून देवाशी तसा करारच करून आल्या.

घरी मंगेशनं मिक्सर आणलेला होता. उन्हाळ्यात दुपारी दुकान बंद करून यायचा, कॉफी, साखर, बर्फ, दूध घालून फिरवायचा आणि वर फेस आलेला ग्लास घेऊन कूलरपुढे बसायचा. आई समोर बसून बघायच्या. त्याला ते बघवेना. एक दिवस म्हणाला, वहिनी, आईसाठी काहीतरी करा ना. बचत गटाच्या प्रशिक्षणात मी सोयाबीनचं दूध करायला शिकले होते. म्हटलं, करते.

ते दूध काढणं म्हणजे काय, ते ज्यानं काढलंय त्यालाच माहीत. रात्री सोयाबीन भिजत घाला, सकाळी चोळून चोळून सालं काढा, गरम पाण्यात वाटा, फडक्यातून पिळा, मग चुलीपुढून हलायचं नाही, फेस उतू जातो. वास जात नाही तोवर उकळत ठेवायचं. मग गार करा, मग कॉफी. आईंना आवडली. अख्ख्या गावाला सांगत सुटल्या की आमच्या सुनेनं वावरातल्या सोयाबीनचं दूध काढलं. माझ्या स्वयंपाकाला लग्नापासून नावं ठेवणारी बाई! मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, छाती फुगली.

मग एका दुपारी आईंची मानोऱ्याची बहीण आली. तिच्यापुढे कौतुक झालं होतं, आता करून दाखवायची होती. घाईत मी गरम कॉफीच सोयाबीनच्या दुधात ओतली. दूध फाटलं. चोथा वर, पाणी खाली. बाहेरून हाक आली, झाली का नाही अजून? फ्रीजमध्ये मंगेशसाठी ठेवलेलं म्हशीचं दूध होतं. मी विचार केला का? केला. एक क्षण नक्की केला. आणि तेच दूध मिक्सरमध्ये ओतलं.

आईंनी घोट घेतला, मिशा आल्यासारखा ओठावर फेस, आणि म्हणाल्या, "आज जमलं तुले."

एवढ्यावर थांबले असते तर तुमच्यापुढे बसले नसते. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोयाबीनचं दूध काढलं तर म्हणाल्या, कालच्यासारखी नाही झाली. म्हणून थोडं म्हशीचं मिसळलं. मग अर्धं अर्धं. मग सगळंच म्हशीचं. आईंना दिसावं म्हणून सोयाबीन मात्र रोज भिजत घालायची, आणि सकाळी गुपचूप म्हशीच्या टोपल्यात टाकायची. म्हणजे शेवटी सोयाबीनचंच दूध की, असा विनोद मी मनाशी करायची. दोन उन्हाळे हे चाललं.

आळस होता, असं म्हणून मी सुटू शकते. आळस होताच. पण आणखी एक होतं, ते सांगितल्याशिवाय या कबुलीला काही अर्थ नाही — मला मजा यायची. मला ज्यांनी भाजीतल्या मिठावरून पाहुण्यांसमोर रडवलं होतं, त्यांचा नेम रोज दुपारी माझ्या हातानं मोडत होता आणि त्यांना पत्ता नव्हता. दुधानं कोणी जगत नाही की मरत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. मग कोणाचं काय बिघडत होतं? मी स्वतःला हेच विचारायची, आणि उत्तरही माझंच असायचं.

तिसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मंगेशच्या अंगावर पुन्हा निळे डाग दिसायला लागले.

त्याच दिवशी मी खरं सोयाबीन वाटायला घेतलं. देवाधर्माला हसणारी मी! दोनदा गाळलं, भांडीसुद्धा वेगळी काढली. आई म्हणाल्या, पहिल्यासारखी लागत नाही. मी म्हटलं, सोयाबीन जुनं आहे. नागपूरला या वेळी मंगेशला कोल्ड कॉफीही गेली नाही. पावसाळा लागायच्या आत तो गेला.

तेरवी झाली आणि आईंनी देव्हाऱ्यातले देव फडक्यात गुंडाळून कोठीत नेऊन ठेवले. रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "म्या माहा शब्द पाळला. त्यानं त्याचा नाही पाळला." तेव्हा बोलायला हवं होतं. बोलले असते तर त्यांना त्यांचा देव परत मिळाला असता, आणि मंगेशला मारणारी मी ठरले असते. मी देवाला दोषी राहू दिलं. तो काय बोलायला येणार होता?

पुढे मानोऱ्याची मावशी आली. म्हणाली, ज्याच्यासाठी सोडलं तोच राहिला नाही, आता तरी दूध घे. आईंनी बरेच दिवस ऐकलं नाही. मग एका दुपारी स्वतःच म्हणाल्या, मंगेश करायचा तशी कर, म्हशीच्या दुधाची. मी केली. मला का सुचलं नाही, ते आजही कळत नाही. पाणी जास्त घालायचं, साखर कमी करायची, कॉफी करपवायची — काहीतरी करून चव बदलायची. दोन उन्हाळे करत होते तश्शीच केली.

त्यांनी एक घोट घेतला. थांबल्या. पुन्हा एक घेतला आणि ग्लासाकडे बघत राहिल्या. आता मला विचारणार, असं वाटलं. खरं सांगते, विचारावं असंच वाटत होतं. विचारलं असतं तर मी नाही म्हणू शकले नसते.

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "सोयाबीनची कॉफी बी अशीच तर लागे. मंग म्या सोडलं काय? जिभेले तर दूधच भेटून राह्यलं होतं. देवाले समजलं असन. ते सोडनं नोतंच बाई, म्या त्याले फसवलं. म्हनून नेलं त्यानं मंगेशले."

मी समोर उभी होते. मिक्सरचं भांडं हातात होतं. मी आत गेले आणि ते भांडं धुतलं.

संध्याकाळी त्यांनी देव पुन्हा मांडले. त्यांची माफी मागितली, मोठ्यानं, मला ऐकू येईल अशी. आणि मग सोडायला सुरुवात केली. आधी गोड सोडलं, मग तूप, मग भाजी, मग रात्रीचं जेवण. या वेळी जिभेला काही लागू द्यायचं नाही, असं ठरवलंय त्यांनी. आता दुपारी एक भाकर पाण्यात मोडून खातात, मीठही घेत नाहीत. वाशीमच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, घरी आल्यावर पुन्हा तेच. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर जातात. नवरा रागावतो, मुलगी फोनवर रडते, मावशी शपथा घालते. आई कोणाचं ऐकत नाहीत, कारण खरं काय ते त्यांना कळलंय, असं त्या म्हणतात.

एक वाक्य बोलायचा अवकाश आहे. ते बोलले तर त्या जेवतील की आणखी खचतील? मला माहीत नाही. माहीत नाही म्हणून बोलत नाही, असंही नाही. भीती वाटते. आणि ती भीती त्यांची नाही, माझी स्वतःची आहे — या घरात उद्या मी कोण असेन, याची.

परवा भाकर पुढे ठेवली तेव्हा त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, "तुहा काय दोष बाई? तू तर माह्यासाठी एवढी खपली."

मी म्हटलं, आई, भाकर गार होते. त्यांनी ती पाण्यात मोडली आणि मी चुलीकडे वळले.