दाव्यासकट

बीडमध्ये कोचिंग क्लासच्या गल्लीत रतनबाईची मेस आहे. पत्र्याची लांबट खोली, जेवायला बसायच्या पट्ट्या आणि चुलीमागच्या भिंतीत एक मोठा खिळा. त्या खिळ्याला गायीचं दावं टांगलेलं असतं. अंबाडीचं, मधून काळ्या लोकरीचा पीळ घातलेलं. नव्यानं जेवायला येणारी एखादी पोरगी विचारते, "मावशी, गाय कुठंय?" रतनबाई तिच्या ताटात भाकरी टाकते आणि म्हणते, "गावाकडं. तू जेव."

गाव नेकनूरच्या पुढं, माळावरची वाडी. रतनबाईचा नवरा बिभीषण मेंढरांमागं फिरणारा. दुष्काळाच्या साली तो कळप घेऊन गोदावरीच्या काठाला उतरायचा आणि इकडं हिरवं दिसल्याशिवाय परतायचा नाही. मागं उरायची रतनबाई, द्वारका नावाची पोरगी आणि एक तांबडी गाय. गायीचं दावं बिभीषणनं वळलेलं. लोकरीचा पीळ घातला की दावं गायीच्या मानेला काचत नाही, असं तो म्हणायचा.

वाडीत बायकांची दूध संस्था निघाली तेव्हा अध्यक्ष म्हणून रतनबाईचं नाव सुचवलं ते सुंदररावांनी. गावात त्यांचा शब्द चालायचा. मोसंबीची बाग, दारात जीप, बीडला ओळखी. मेंढक्याची बायको, कर म्हटलं की सही करील, असा त्यांचा हिशेब होता. रतनबाई सही करायची, पण आधी विचारायची. पहिल्याच सभेत तिनं एक नियम करून घेतला. जिच्या दारात दुभतं जनावर नाही, तिचं संस्थेत नाव नाही. जनावर गेलं की नाव गेलं. सुंदररावांच्या घरातल्या बायका शेणाला हात न लावता सभासद झाल्या होत्या. त्या एका दुपारीत गळाल्या. सभेतल्या बायका पदराआड हसल्या. सुंदररावही हसले. "बराबर हाय ताईचं," म्हणाले.

संस्थेनं पुढं बोअर घेतलं आणि त्याच्याजवळ जनावरांसाठी दगडी हाळ बांधला. संध्याकाळी सगळ्या वाडीची गुरं तिथं माना खाली घालून पाणी प्यायची. दोन हजार चौदाचा पावसाळा कोरडा गेला. गावातल्या विहिरी तळाला गेल्या, पण हाळात पाणी होतं. आणि मग सुंदररावांच्या मोसंबीची पानं गळायला लागली.

"रातच्याला फक्त," ते रतनबाईला म्हणाले. "संस्थेच्या बोअरचा पाइप बागेला जोडू. जनावरं काय रातचं पाणी पितात?"

"रातच्याला बोअर दम खातंय दादा. तवा कुठं दिवसा पाणी देतंय."

"सभेत इचारू मग. बायका काय म्हणतील ते."

"इचारा की."

सभा पोळ्यानंतर व्हायची. बायका रतनबाईच्या बाजूनं होत्या, निदान ती पुढं बसलेली असली की असायच्या.

मे महिन्यात एका सकाळी सुंदरराव स्वतः तिच्या अंगणात आले. द्वारका सातवी झाली होती आणि वाडीतली शाळा सातवीपर्यंतच होती.

"पुढं काय करणार पोरीचं?" बाजेवर बसत त्यांनी विचारलं.

"नेकनूरला घालावं म्हणते. एस्टीचा भरवसा न्हाई, पर बघू."

"नेकनूर कावून? बीडला घाला. शाळेत माझा शब्द हाय. मेव्हण्याची खोली रिकामीच पडलीय. आन त्याच्या मेसमदी भाकरीला बाई पायजेच त्यांना. पोरगी हुशार हाय ताई. हितं ठिवून काय शेण काढायला लावता?"

बिभीषण कळपामागं गोदावरीकाठी होता. रतनबाईला वाटलं, पोरीचा बाप इथं असता तर हेच म्हणाला असता. ती वाकून सुंदररावांच्या पाया पडली. पुढं हे सांगताना तिचा आवाज कधी चढला नाही. पण या ठिकाणी ती थांबायची आणि परातीतलं पीठ उगाच मळत राहायची.

अडचण गायीची होती. गाय विकली असती तर तिच्याच नियमानं तिचं नाव गेलं असतं. म्हणून तिनं गाय सांभाळायला दिली. शेजारच्याच घरात थोरली जाऊ होती, भामाबाई. सख्ख्या बहिणीसारखी, एका परातीत जेवलेली.

त्या भागात जनावराच्या दाव्याची एक रीत आहे. जनावर विकलं तर दावं देत नाहीत. घेणारा आपलं दावं आणतो. जुनं दावं घरच्या खुंटीला राहतं, पुढच्या जनावरासाठी. सांभाळायला दिलं तर मात्र दाव्यासकट देतात. दावं तिकडं आहे म्हणजे जनावर परत यायचं आहे. यात कागद लागत नाही. रतनबाईनं गायीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि दावं जावेच्या हातात दिलं.

"दाव्यासकट देते बाई."

"मला कळत न्हाई का? दूध तुझ्या नावानं घालीन. तू जा बिनघोर."

बीडमध्ये नळाला पाणी कधीतरी यायचं आणि टँकर आला की गल्ली धावायची. रतनबाईला त्याचं काही वाटलं नाही. पाण्यामागं धावायची तिला सवय होती. तिला जड जायची ती संध्याकाळ. गुरं परतायच्या वेळेला हात रिकामे राहायचे. मग ती दारात बसून द्वारकेचे बूट पुसायची. बूट पहिल्यांदाच आले होते घरात. पहिल्या दिवशी शाळेतून येऊन द्वारका म्हणाली होती, "आई, आमच्या शाळेत प्रयोगाची खोली हाय. काचेच्या बाटल्या हायत लई." त्या एका वाक्यावर रतनबाई कितीतरी दिवस भाकरी थापत राहिली.

भामाबाई मधून मधून एस्टीनं ज्वारी पाठवायची. कंडक्टर ओळखीचा होता. द्वारका स्टँडवर जाऊन गोणी रिक्षात घालून आणायची. गोणीचं तोंड सुतळीनं बांधलेलं असायचं.

पोळा झाल्यावर एका दुपारी रतनबाई मेसवरून खोलीवर आली. द्वारकेनं शाळेचा ड्रेस धुऊन खिडकीपासून दारापर्यंत दोरी बांधून वाळत घातला होता. निळा स्कर्ट, पांढरा शर्ट, त्यातून पाणी टपकत होतं. रतनबाई दारातच उभी राहिली. तिनं शर्ट बाजूला सारला आणि दोरीवरून बोट फिरवलं. काळ्या लोकरीचा पीळ बोटाखाली आला.

"ही दोरी कुठली गं?"

"गोणीला बांधलेली होती. सुतळी संपली आसंल काकूची. मस्त जाड हाय ना?"

रतनबाईनं ओले कपडे काढून पोरीच्या हातात दिले आणि दावं सोडलं. दावं घरी आलं होतं. म्हणजे गाय विकली गेली होती. तिनं विकलेली नसताना.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या एस्टीनं गावाला गेली. हाळ वाटेतच होता. कोरडा होता, तळाला माती तडकलेली. बोअरपासून एक काळा पाइप माळ उतरून सुंदररावांच्या बागेकडं गेला होता. आता रात्रीदिवसाचा प्रश्न उरला नव्हता.

भामाबाईच्या अंगणात तांबडी नव्या नायलॉनच्या दाव्यानं बांधलेली होती. दाव्याखालची मान लाल झाली होती. रतनबाईचा वास आला तशी गाय उठून उभी राहिली. भामाबाई चुलीपुढून बाहेर आली. हातात काठवट होती, ती तिनं खाली ठेवली नाही.

"कवा इकली मी गाय?" रतनबाईनं विचारलं.

"बस तर आधी. पाणी पी."

"कवा इकली ते सांगा बाई."

"सभेच्या आधी सुंदररावदादा आलते. म्हनले, रतन आता बीडची झाली, ती काय परत येती? गाय तुझ्या दारात हाय, तर तुझीच म्हनून सांग सभेत. अध्यक्ष हो. म्या सांगितलं, रतननं इकली मला." भामाबाई जमिनीकडं बघत होती. "तुझाच नियम हाय म्हनले. गाय गेली की नाव गेलं."

"आन बाकीच्या बायका?"

"त्यांनी इचारलं, दावं कुणाकडं हाय. म्या म्हनले, रतनकडं हाय, बीडला. मग गप बसल्या."

"म्हणून गोणीला बांधून धाडलं व्हय. खोटं खरं करायला."

"तसं न्हाई." भामाबाईनं आता वर पाहिलं. "मला सांगायला तोंड न्हवतं. म्हनलं, दावं बघून तुला कळंल."

"मला कळावं म्हणून धाडलं, का सभेत सांगायला सोपं जावं म्हणून?"

भामाबाई काठवटीची कड अंगठ्यानं घासत राहिली. तिला स्वतःलाही ते माहीत नसावं, असं रतनबाईला अजून वाटतं. दारात पाण्याची टाकी होती, नवी, काळी, काठोकाठ भरलेली. तिच्यापाशी भामाबाईची पोरगी सिंधू शेणाची पाटी घेऊन उभी होती. द्वारकेच्याच वयाची.

"तू गेलीस," भामाबाई एकदम म्हणाली. "तुझी पोरगी बूट घालून शाळेत जाती. माझी तुझ्या गायीचं शेण काढती. मला कुणी इचारलं का, तुझ्या पोरीचं काय म्हनून?"

जावेनं दुसरं काहीही म्हटलं असतं तर रतनबाईनं उलटून सुनावलं असतं, पण हे खोडता येण्यासारखं नव्हतं. तिनं गायीच्या मानेवर हात फिरवला, नायलॉनचा काच थोडा सैल केला आणि निघाली.

सुंदरराव बागेच्या फाटकातच भेटले. हात जोडून, नेहमीसारखे. "आलात का ताई? पोरगी काय म्हणते? अभ्यास करती का न्हाई?"

"गाय माझी हाय दादा."

"तुमचीच हाय की. मी कुठं माझी म्हणतोय? तुमच्या घरातच हाय." ते हसले. "आता ह्या वाडीच्या भानगडीत कशाला पडता? पोरीकडं बघा. शाळा चांगली हाय. खोली चांगली हाय. तिथं माझा शब्द हाय म्हणून सगळं नीट चाललंय."

शेवटचं वाक्य त्यांनी अगदी मऊ आवाजात म्हटलं. रतनबाईला तेव्हा कळलं की मे महिन्यात आपण नेमक्या कशाच्या पाया पडलो. शाळा खरी होती, बूट खरे होते, काचेच्या बाटल्या खऱ्या होत्या. त्यातलं काहीच खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते परत फेकता येत नव्हतं. पोरीला घेऊन ती वाडीत आली असती तर गायीसाठी भांडता आलं असतं. आणि द्वारका सिंधूच्या शेजारी पाटी घेऊन उभी राहिली असती.

परतीच्या एस्टीत ती मांडीवर रिकामे हात ठेवून बसली होती.

तिनं शाळा सोडवली नाही. खोली सोडली. मेव्हण्याच्या मेसची चाकरीही सोडली. नगर रोडकडच्या एका वसाहतीत पत्र्याची खोली घेतली आणि घरोघरी भाकरीला जायला लागली. द्वारकेला शाळा लांब पडली. ती चालत जायची आणि कुरकुरायची. "चांगली खोली होती ती. कावून सोडली?" रतनबाई म्हणायची, "हवा लागत न्हवती तिथं." दावं खिळ्याला टांगलं. कपडे वाळत घालायला बाजारातून वेगळी दोरी आणली. दिवाळीच्या आधी एस्टीनं ज्वारीची गोणी आली, सुतळीनं बांधलेली. तिनं ती कंडक्टरकडूनच परत धाडली.

पुढच्या जूनमध्ये, शाळा उघडायच्या आठवड्यात, भामाबाई त्या खोलीच्या दारात उभी राहिली. सोबत सिंधू, अंगावर नवा ड्रेस, केसांना रिबीन. रतनबाई चुलीपुढं होती. उठली नाही, पण पाट पुढं सरकवला.

"सिंधूला घातलं शाळेत," भामाबाई म्हणाली. "दादांनी केलं सगळं. मेव्हण्याची खोली दिली, तू होतीस तीच. मेसमदी कामबी हाय." तिचा चेहरा उजळला होता. मग ती जरा घुटमळली. "अध्यक्ष झाल्यापसनं हाळात पानी सोडा म्हनून मागं लागले होते मी. जनावरं हंबरत व्हती गं, बघवंना. दादा म्हनले, सोडू, सभेत इचारू. लई चांगलं बोलले त्या दिवशी. म्हनले, तुमच्या पोरीचंबी बघायला पायजे आता."

सिंधू भिंतीवरच्या दाव्याकडं बघत होती. तिनं ते ओळखलं होतं.

रतनबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. कडा फुगेपर्यंत थांबली.

"गाय कुणाकडं ठिवली बाई?"

"छबुबाईकडं, संस्थेतलीच हाय. सांभाळायला."

"दाव्यासकट?"

भामाबाईनं वळून भिंतीवरच्या दाव्याकडं पाहिलं. बाहेर गल्लीत टँकर आला होता. बायका घागरी घेऊन पळत होत्या. रतनबाईनं भाकरी तव्यावरून काढली, सिंधूच्या ताटात ठेवली, आणि पुढची थापायला घेतली.